लाकूड स्वस्त, जागा महाग

मुंबईत हौसेने सुतारकाम करतो असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. लाकूड आणतोस कुठून, आणि ठेवतोस कुठे? पहिला प्रश्न कुतूहलाने येतो, दुसरा काळजीने. (घरचे लोक फक्त दुसराच विचारतात.) गेली आठ वर्षं सोमवार ते शुक्रवार कोड आणि शनिवार-रविवार करवत असं माझं चाललंय, तेही मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या बिल्डिंगमधल्या वन बीएचकेत. तेवढ्या अनुभवावर एक मत ठाम झालंय : या शहरात लाकूड मिळतं, आणि डोकं वापरलं तर स्वस्तही मिळतं. महाग आहे ती जागा. आणि जागेच्या या हिशोबापायी मुंबईतलं सगळ्यात चांगलं लाकूड आपण निमूटपणे भट्टीत जाऊ देतोय. मला आज भांडायचंय ते याबद्दल, पण आधी थोडा हिशोब.

लाकूड घनफुटावर विकलं जातं. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड अशा तीन फळ्या म्हणजे एक घनफूट. चांगला साग घनफुटाला चार हजार धरू या. (भाव प्रतीप्रमाणे, वखारीप्रमाणे आणि तुमच्या पायातल्या बुटांप्रमाणे बदलतो.) दहा घनफूट घेतलं तर चाळीस हजार झाले. आता ते नीट रचून ठेवायला आठ फूट बाय दीड फूट, म्हणजे बारा चौरस फूट जागा लागते. उपनगरातला भाव चौरस फुटाला वीस हजार धरला, आणि बोरिवली-अंधेरीकडचे वाचक या आकड्यावर हसतील, तरी त्या बारा चौरस फुटांचे झाले दोन लाख चाळीस हजार. म्हणजे लाकडापेक्षा त्याच्या खालची फरशी सहापट महाग! आणि हे उदाहरण सागाचं आहे. पाइन असतं तर गुणोत्तर काय झालं असतं ते तुम्हीच काढा.

म्हणून परदेशी पुस्तकांतला आणि व्हिडिओंतला सल्ला आपल्या कामाचा नाही. तिथला काका गॅरेजमध्ये भिंतभर मांडण्या लावतो, स्वस्त दिसलं की ट्रकभर लाकूड घेतो आणि दोन वर्षं वाळू देतो. त्याच्याकडे जागा फुकट आहे, त्याला ते परवडतं. आपण साठा करायचा नाही. वखार ही आपली हार्ड डिस्क, घरात ठेवायची ती फक्त रॅम. चालू प्रोजेक्टचं लाकूड, फार तर पुढच्याचं, बस्स. ‘स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन ठेवलं’ या वाक्यातला ‘ठेवलं’ हा शब्द मुंबईत सगळ्यात खर्चिक आहे.

वखार म्हटलं की आपल्याला शाळेतली इंग्रजांची सुरतेची वखार आठवते. लाकडाची वखार मात्र अजून जिवंत आहे. हार्बर लाइनवर रे रोडला उतरलं की दारूखाना लागतो, आणि तिथे लकडी बंदर नावाचा रस्ताच आहे. लाकूड समुद्रातून येऊन बंदरात उतरायचं त्या काळाची ही खूण. एकदा तरी तिथे जाऊन नुसतं फिरून या. साग, मरांडी, पाइन, देवदार हे चार नमुने हातात घेतल्याशिवाय लाकूड कळत नाही. खरेदी मात्र घराजवळच्या वखारीतून करावी, कारण रे रोडला वाचवलेले पैसे टेम्पोवाला घेऊन जातो. एलबीएस रोडवर आणि एसव्ही रोडवर प्लायवुडच्या दुकानांच्या गर्दीत अजून वखारी आहेत, जरा बोर्ड वाचत चालायला लागतं.

वखारीत गेल्यावर भाव रफचा की रंधा मारून, हे आधी विचारायचं. सुतारी भाषेत इंचाचे आठ सूत. रफ इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधा मारून सपाट केली की सहा सूत उरते, पैसे मात्र आपण आठ सुतांचे दिलेले असतात. दुसरं म्हणजे तुमच्या डिझाइनप्रमाणे तिथेच तुकडे करून घ्या. चार फुटांच्या आतलं लाकूड रिक्षात मावतं, लिफ्टमध्ये उभं राहतं आणि जिन्यात कोणाच्या डोक्याला लागत नाही. मी तर आता डिझाइनच चार फुटांच्या हिशोबाने करतो. तिसरं, वखारीच्या कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग असतो. तो सरपणाच्या भावाने, किलोवर जातो. स्टूल, खोके, चौरंग, पुस्तकांची छोटी मांडणी एवढं सगळं त्या ढिगातून निघतं. ढीग उपसायला लाज वाटायची नाही आणि वखारवाल्या काकांशी दहा मिनिटं गप्पा मारायच्या. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच एखादा तुकडा बाजूला काढून ठेवतात.

स्वस्तातलं दुसरं लाकूड म्हणजे पॅकिंगचं पाइन. मशिनरी परदेशातून येते ती लाकडी पेट्यांत आणि पॅलेटवर. साकीनाक्याला खैरानी रोडच्या गल्ल्यांत, मरोळच्या एमआयडीसीत हा माल फिरत असतो. घेताना त्यावरचा शिक्का बघावा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचं संक्षिप्त नाव आणि प्रक्रियेची दोन अक्षरं असतात. एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आहे. ते बिनधास्त घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते घरात, विशेषतः स्वयंपाकघरात, नको. शिक्काच नसेल तर लाकूड कुठून आलंय आणि त्यावर काय सांडलंय ते देव जाणे, सोडून द्या.

पूर्ण नवीन आणि सरळ माल हवा असेल तर रबरवुड. केरळातल्या रबराच्या झाडांचा चीक पंचवीस-तीस वर्षांनी आटला की ती तोडतात, आणि त्यांचे तुकडे जोडून आठ बाय चारचे बोर्ड करतात. रंग फिकट, गाठी कमी, किंमत सागाच्या बरीच खाली. जंगल तोडल्याची टोचणीही नाही. फक्त पावसाळ्यात उघडं ठेवलं तर बुरशी धरतं.

आता ठेवण्याबद्दल. आमच्याकडे पलंगाखाली लाकूड आहे, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. सव्वासहा बाय पाचच्या पलंगाखाली नऊ-दहा इंच उंची असेल, तर हवेला जागा सोडूनसुद्धा दहा घनफूट सहज मावतं. एका जेवणाच्या टेबलाला तीन-चार घनफूट पुरतं, म्हणजे पलंगाखाली दोन टेबलं झोपलेली असतात. फळ्या फरशीवर टेकवायच्या नाहीत. खाली आणि प्रत्येक दोन थरांमध्ये दीड-दीड फुटावर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालायच्या, एकावर एक ओळीत. फळ्यांच्या टोकांना जुना रंग किंवा मेण फासायचं, कारण लाकूड टोकांकडून सगळ्यात लवकर सुकतं आणि तिथेच तडकतं. बाहेरच्या भिंतीला टेकवून काही ठेवायचं नाही. जुलैत त्या भिंतीला ओल येते आणि ओलीमागोमाग वाळवी.

मुंबईची दमट हवा लाकडात किती शिरते याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. पावसाळ्यात घरातल्या लाकडातलं पाण्याचं प्रमाण सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत जातं, हिवाळ्यात ते अकरा-बारावर येतं. एवढ्या फरकाने सागाची बारा इंची फळी रुंदीत साधारण एक सूत फुगते आणि आखडते. साग शांत स्वभावाचा म्हणून एक सूत, बाकीचे जास्त उड्या मारतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये आणलेल्या फळीचं टेबल ऑगस्टमध्येच करायची घाई नको. ती घरात पंखा फिरतो त्या खोलीत तीन-चार आठवडे राहू द्यावी. पार्टिकल बोर्डचं ऑनलाइन कपाट दुसऱ्या पावसाळ्यात फुगून दार लावू देत नाही त्याचंही कारण हेच, फक्त तिथे फुगलेलं परत आखडत नाही.

जिन्यात, पॅसेजमध्ये, रेफ्युज एरियात लाकूड ठेवायचं नाही. महाराष्ट्रात 2006 सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे म्हणून तर नाहीच, पण कायदा नसता तरी नाही. 11 फेब्रुवारी 2025 ला जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर मार्केटला आग लागली आणि कितीतरी दुकानं बघता बघता गेली. जुनी कपाटं, खुर्च्या, दारं विकत घेऊन त्यातलं लाकूड वापरणाऱ्या माझ्यासारख्यांचं ते हक्काचं ठिकाण. तिथे जे झालं ते आपल्या जिन्यात होऊ शकतं. आणि हो, जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून सुकवा, मगच कचऱ्यात.

बरं, आता भांडणाकडे. या शहरात असं लाकूड आहे जे साठ-सत्तर वर्षं उत्तम प्रकारे साठवून ठेवलेलं आहे, छपराखाली, हवेशीर, उभं. पाणी पिऊन आणि सोडून ते इतकं मुरलंय की आता त्याला कसली घाई नाही. ते म्हणजे जुन्या इमारतींची दारं, चौकटी, खिडक्या, जिन्याचे कठडे, तुळया. गिरगाव-दादरच्या चाळींत तर अजूनही बर्मा साग सापडतो, म्हणजे चाळ पाडली जाते तेव्हा सापडतो.

या बर्मा सागाचा इतिहास मुंबईशी बांधलेला आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी 1863 मध्ये इथे उभी राहिली. ब्रह्मदेशातले सागाचे ओंडके हा तिचा धंदा. कंपनी ओंडके कमी दाखवून बुडवाबुडवी करते असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला, आणि त्या तंट्याचं निमित्त करून इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशावर स्वारी केली. पदच्युत थिबा राजाला आणून ठेवलं ते आपल्या रत्नागिरीत. 1910 साली बांधलेला थिबा पॅलेस आपण कोकणात जाता-येता बघतो. राजा तिथेच 1916 मध्ये वारला. म्हणजे ज्या लाकडापायी एक राज्य बुडालं, त्याच लाकडाच्या दाराला आपण पांढरा ऑइलपेंट फासून वर पोपटी फासतो, आणि मग एक दिवस दार उचलून मलब्यात टाकतो. ब्रह्मदेशाने, म्हणजे आताच्या म्यानमारने, 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केलेली आहे. तसलं जुनं झाड नव्याने मिळणार नाही.

साग किती टिकतो याचा पुरावा हवा असेल तर इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जावं लागेल. तिथे ‘ट्रिंकोमाली’ नावाचं लढाऊ जहाज पाण्यावर उभं आहे. ते 1817 मध्ये वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलं, मलबारी सागाचं. दोनशे वर्षं खारं पाणी पचवलेलं हे लाकूड, आणि आपण साठ वर्षांच्या दाराला ‘जुनं झालं’ म्हणतो!

रिडेव्हलपमेंटमध्ये या लाकडाचं होतं काय? घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, विलेपार्ले, कुठेही बघा, पद्धत तीच. सोसायटी कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती यावर तीन-तीन वर्षं भांडते. करारात कुठेतरी एक ओळ असते की पाडकामातून निघणारा मलबा आणि भंगार बिल्डरचं. बिल्डर ते पाडकामवाल्याला देतो. पाडकामवाला लोखंड वेगळं काढतो, कारण त्याला रोजचा भाव आहे. चांगल्या अखंड दारांना गिऱ्हाईक मिळालं तर ती जुन्या सामानाच्या बाजारात जातात. पण त्यालाही जागा हवी, आणि जागा त्याच्याकडेही नाही. म्हणून उरलेलं सगळं तुकडे होऊन सरपणात जातं. बेकऱ्यांच्या भट्ट्यांत हे जुनं लाकूड वर्षानुवर्षं जळत आलंय, कारण सगळ्यात स्वस्त इंधन तेच. आपला लाडका कडक पाव कधीकधी बर्मा सागावर भाजलेला असतो म्हणायला हरकत नाही. :)

आता यात एक बदल झालाय. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. बेकरीवाल्यांची यात ओढाताण झाली, ती खरीच आहे आणि तो वेगळा विषय आहे. पण रंगवलेलं जुनं लाकूड भट्टीत जाळू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखात 90 भाग इतकी खाली आणणारा नियम आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाला. (म्हणूनच जुन्या दाराचा रंग कोरड्या सॅंडपेपरने घासून उडवू नका. पाणी मारून खरवडा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा.) प्रश्न असा आहे की भट्टीचं गिऱ्हाईक कमी झाल्यावर हे लाकूड जाणार कुठे? डम्पिंग ग्राउंडवर? की त्याची कोणी नीट व्यवस्था लावणार?

माझं म्हणणं असं की ती व्यवस्था सोसायट्यांनी लावावी, आणि ती अगदी सोपी आहे. पाडकाम सुरू होण्याआधी दोन वीकएंड राखून ठेवायचे. पहिल्या वीकएंडला रहिवाशांनी आपापल्या घरातलं हवं ते काढून न्यायचं. दुसऱ्या वीकएंडला दारं उघडायची : आसपासचे मिस्त्री, वखारवाले, ओशिवऱ्याचे दुकानदार आणि माझ्यासारखे हौशी. जो उचलून नेईल त्याचं, वाटल्यास माफक किमतीला. गोडाऊन नको, साठा नको. एका जागी साठवायला गेलात तर भिवंडीच्या गोडाऊनचं भाडं सगळा फायदा खाऊन टाकेल. तेच लाकूड चाळीस घरांत चाळीस पलंगांखाली विखुरलं तर कोणालाच जड नाही.

यावर मला ऐकवलं जातं की हे शौकीन लोकांचे चोचले आहेत. हिशोब करून पाहिला. आमची बिल्डिंग 1958 ची, सोळा बिऱ्हाडं, साग बहुधा बल्लारशाहकडचा. हो, तेच बल्लारशाह, जिथल्या सागाची 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत पाठवणी झाली. फ्लश दारं आणि भुंगा लागलेली वगळून मी एकेचाळीस दारं मोजली. चौकटीसकट एका दारात अडीच-तीन घनफूट लाकूड असतं. म्हणजे शंभर घनफुटांच्या वर. वखारीच्या भावाने चार लाखांच्या आसपास. सोळा घरांत वाटले तर घरटी पंचवीस हजार. रिडेव्हलपमेंटच्या आकड्यांत ही रक्कम कोणाच्या खिजगणतीत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच कोणी भांडत नाही. पण गल्लीतल्या मिस्त्रीला तेच लाकूड दोन महिन्यांचं काम देतं. त्याला पंचवीस हजार फार मोठे आहेत.

आणखी एक मागणी आहे, ती ऐकून लोक माझ्याकडे दयेने बघतात. नव्या टॉवरमध्ये फिटनेस सेंटर असतं, त्याला एफएसआयची सवलतही मिळते. दहा ट्रेडमिल, त्यातल्या सात बंद. त्याच्या शेजारी शंभर चौरस फुटांची एक खोली द्या, एक भक्कम बाक, एक शिकंजा, भिंतीला चार फुटी मांडणी आणि एक्झॉस्ट फॅन. सायकल दुरुस्त करा, मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट करा, खुर्चीचा हललेला पाय बसवा. सोळाच्या जागी साठ बिऱ्हाडं येणार. साठ फ्लॅटमध्ये साठ पलंगांखाली तेच ते ड्रिल मशीन पडून असण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

रस्त्यावरच्या झाडांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईला चाटून गेलं तेव्हा शेकडो झाडं पडली. वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहोर. वर्षावृक्षाचं लाकूड फार देखणं असतं, आतून चॉकलेटी. पण ओलं लाकूड वाळायला इंचाला वर्ष लागतं आणि तेवढा वेळ ओंडके ठेवायला या शहरात कोणाकडे अंगण आहे? असलं तर महापालिकेकडेच आहे. वॉर्डात एक शेड, एवढं पुरेल.

तूर्तास आमच्या कराराचा मसुदा फिरतोय. मलब्याच्या कलमात मी एक ओळ घालायला लावली : ‘दारे, चौकटी व इतर लाकडी सामान वगळून’. वर दोन वीकएंडची मुदत. बिल्डरच्या वकिलाने त्या ओळीवर रेघ मारून मसुदा परत पाठवलाय, शेजारी ‘कारण कळवावे’ असं लिहून. पुढची सभा येत्या रविवारी सकाळी दहाला गच्चीवर आहे. तळमजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटमधलं दार काढून, अर्ध्या भागाचा रंग खरवडून, रंधा मारून मी ते गच्चीवर नेऊन ठेवणार आहे. बाकीचं अर्धं तसंच, पोपटी.